वावरात पिल्लू सापडलं तर: मिरचीच्या हंगामातली आमची रीत

मिरचीचा दुसरा तोडा चालू होता. ओळीच्या टोकाला वाकलेली एक बाई ताठ उभी राहिली आणि पदराची झोळी सांभाळत धुऱ्याकडे (बांधाकडे) आली. झोळीत सशाची दोन पिल्लं होती. "वैनी, माय मेली वाटते यांची. सकाळपासून पाहून रायली, कोणीच नाही आलं."

माय मेलेली नव्हती. ती जवळच्या तुरीत दडून दिवस मावळायची वाट पाहत असणार. आम्ही पिल्लं होती त्याच झाडाच्या बुडाशी परत ठेवली, आजूबाजूच्या दहा ओळी त्या दिवशी तोडायच्या सोडल्या आणि तिकडं कोणी फिरकायचं नाही असं ठरवलं. सकाळी पिल्लं जागेवर होती, पोटं गच्च भरलेली.

भिवापूरच्या बाजूला आमचं तीन एकर वावर आहे. दोन एकरांत मिरची, उरलेल्यात तूर आणि घरापुरता भाजीपाला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य फार लांब नाही, त्यामुळे रोही (नीलगाय), रानडुक्कर, चितळ, ससे, मोर, रानमांजर ही मंडळी आमच्या धुऱ्यावर रोजचीच. मिरचीच्या पूर्ण हंगामात कोणाचं ना कोणाचं पिल्लू हाती येतंच. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. लोक ज्याला अनाथ म्हणून उचलून आणतात, त्यातल्या बहुतेकांची आई जिवंत असते आणि जवळच असते. म्हणून पिल्लू सांभाळणं म्हणजे आधी त्याला त्याच्या आईपासून न तोडणं. ते जमण्यासारखं नसेल तेव्हाच काही तासांपुरता, फार तर एका रात्रीपुरता आपला आसरा. हा लेख त्या काही तासांबद्दल आहे, आणि ते तास मिरचीच्या कामात कसे बसवायचे त्याबद्दल.

घरी वाढवायचं का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे वन्यप्राणी घरी पाळता येत नाही, मग मनात कितीही माया असो. जखमी किंवा पोरकं पिल्लू हाती आलं, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आम्ही ४८ तास कधीच धरत नाही, पहिल्या अर्ध्या तासातच फोन करतो.

गावात मला नेहमी विचारतात, "मग गडचिरोलीतल्या हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटेंनी एवढे प्राणी कसे सांभाळले?" त्या कामाला रीतसर मान्यता आहे, त्यामागे कित्येक वर्षांचा अनुभव आहे आणि तिथले बरेच प्राणी परत जंगलात जाऊ शकत नाहीत म्हणून तिथं आहेत. आपल्या अंगणात वाढलेलं चितळाचं पाडस मोठं झालं की कुठं जाणार? त्याला कुत्र्याची भीती उरलेली नसते, माणसाची नसते, शिंगं मात्र येतात. पाडसाला बाटलीनं दूध पाजताना फार गोड वाटतं. दीड वर्षानं तेच कोणाच्या तरी पोटात शिंग घालतं किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडतं.

पहिली पायरी: उभ्या जागी थांबा

पिल्लू दिसलं की बायांना मी एकच सांगून ठेवलं आहे: हात लावू नका, मला हाक मारा, आणि तुम्ही बाजूला व्हा. मग वीसेक पावलांवरून पाहायचं. श्वास बरोबर चालू आहे का, रक्त किंवा माश्या आहेत का, अंगावर मुंग्या चढल्या आहेत का, आजूबाजूला मेलेली आई किंवा ओढत नेल्याच्या खुणा आहेत का. यातलं काहीच नसेल आणि पिल्लू गप्प पडून असेल, तर ते बहुधा लपवून ठेवलेलं आहे.

कोणाची रीत काय, हे माहीत असलं की निम्मी चूक टळते.

ससा. रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेलं असतं. आई दिवसभर त्याच्यापासून मुद्दाम लांब राहते, कारण तिच्या वासानं कोल्हा-कुत्रा येईल. अंधार पडताना येते, पाजते, निघून जाते. तेव्हा दिवसा एकटं दिसलेलं सशाचं पिल्लू पोरकं नाही, ते त्याच्या आईच्या हिशोबानं बरोबर जागी आहे. खात्री करायची असेल तर त्याच्या भोवती हातभर अंतरावर चाळलेल्या मऊ मातीचं कडं घाला. सकाळी आईचे पाय त्यात उमटलेले दिसतात.

चितळ आणि रोही. पाडस गवतात निपचित पडून राहतं, जवळ गेलं तरी हलत नाही. लोकांना वाटतं आजारी आहे. ते फक्त आपलं काम करतंय. रोहीला पुष्कळदा जुळी होतात, तेव्हा एक दिसलं तर दुसरं जवळपास असतं. पाडसाला पकडून धरून ठेवणं सगळ्यात वाईट. हरणांची जात भीतीनंच खचते, पकडताना अंगाला ओरखडाही न आलेलं जनावर नंतर तासाभरात मरू शकतं. पाडस सारखं ओरडत फिरत असेल आणि रात्र उलटून गेली तरी आई आली नसेल, तरच ते खरं पोरकं समजायचं.

चानी (खार). गोठ्याच्या आढ्यातून किंवा छाटलेल्या फांदीतून गुलाबी, बिनकेसाची पिल्लं पडतात. चानीची आई एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, मी स्वतः पाहिलंय. पिल्लं एका उथळ खोक्यात ठेवा, खाली कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा, आणि खोकं त्याच झाडाला मांजर पोचणार नाही अशा उंचीवर बांधा. चानी रात्री हिंडत नाही. तेव्हा दिवस मावळेपर्यंत आई आली नाही, तर खोकं आत घ्या.

पिंगळा. उन्हाळ्यात आंब्या-बाभळीच्या ढोलीतून पडतो. पिल्लू डोळे वटारून पाहतं, चोच वाजवतं, म्हणून लोक घाबरतात. काही गावांत अपशकुनी म्हणून दगडही मारतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपल्या वावरातले उंदीर हाच खातो. शक्य असेल तर ढोलीत परत ठेवा. ढोली हाती लागत नसेल तर बांबूच्या टोपलीत थोडं वाळलं गवत घालून ती त्याच झाडाला उंच बांधा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतो हा समज खोटा आहे. आई-बाप आवाज ऐकून टोपलीत चारा आणतात.

मोर. पावसाळ्यात लांडोर धुऱ्यावरच्या झुडपात जमिनीवरच अंडी घालते. निंदताना घरटं उघडं पडलं तर चारी बाजूंनी हात-दोन हात गवत राखा आणि दोन-तीन दिवस तिकडं निंदण नको. अंडी आणून कोंबडीखाली घालायची जुनी खोड आहे, ती सोडा. ते बेकायदेशीर आहे आणि कोंबडीनं वाढवलेलं पिल्लू रानात जगायला शिकत नाही.

वानर. याला नियम वेगळा. विजेच्या तारेला लागून आई मरते आणि पिल्लू तिच्या पोटाला घट्ट धरून असतं. इथं थांबायचं नाही, ओढून काढायचंही नाही, कारण टोळी जवळच असते आणि चवताळलेली असते. लगेच फोन.

रानडुकराची पट्टेरी पिल्लं दिसली तर मागं वळून न पाहता निघून या. आई दिसत नाही, पण ती असते.

मिरचीचे हात

हे दुसऱ्या कोणत्या पिकाच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, मिरचीवाल्याला सांगावंच लागतं.

पहिल्या वर्षी मी तोड्यातून उठून थेट चानीचं पिल्लू हातात घेतलं होतं. मला काही जाणवलं नाही, आपले हात सरावलेले. ते पिल्लू मात्र रात्रभर पुढच्या पायांनी तोंड घासत राहिलं. नाक लाल झालं, एक डोळा सुजून मिटला. सकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की हे मी केलंय. तो डोळा पुढं उघडला, पण तो दिवस मी विसरलेली नाही.

मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्यानं जात नाही. म्हणून हात धुण्याची आमची पद्धत अशी: आधी गोडं तेल तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांना चोळायचं, मिनिटभर थांबायचं, कोरड्या बेसनानं किंवा कापडानं पुसून काढायचं, मग साबणानं दोनदा धुवायचं. शेवटी जिभेच्या टोकाला बोट लावून पाहायचं. चुरचुरलं तर पुन्हा तेलापासून सुरुवात. तोड्याच्या वेळचा पदर, ओढणी, गमछा पिल्लाला गुंडाळायला वापरायचा नाही, त्यात बारीक धूळ असते. पिल्लाचं खोकं मिरचीच्या ढिगाजवळ किंवा साठवणीच्या खोलीत ठेवायचं नाही. मोठ्या माणसाला ठसका लागतो तिथं मुठीएवढ्या जिवाचं काय होत असेल.

पक्ष्यांचं वेगळं आहे. पोपटाला मिरची आवडते हे लहान पोरांनाही माहीत असतं. पक्ष्यांना तिखट झोंबतच नाही, म्हणून बुलबुल आणि पोपट लाल मिरची खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. तरी हात धुऊनच पक्षी धरा, कारण त्याच हातावर फवारणीचं औषधही असू शकतं, आणि ते पक्ष्याला माणसापेक्षा जास्त बाधतं.

खोकं

जूनमध्ये गादीवाफ्यावर बी टाकतो तेव्हाच मी खोकंही तयार करून ठेवते. त्यात फार काही लागत नाही. झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं, बाजूंना पेन्सिलीएवढी दहा-बारा भोकं, भोकं आत जनावर असताना पाडायची नाहीत. तळाला जुन्या सुती साडीचे मऊ तुकडे. टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, जाड चामडी हातमोजे, विजेरी, वही-पेन.

पिल्लू गार लागलं तर सगळ्यात आधी ऊब. बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरा, कापडाचे दोन पदर गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे फार ऊब झाली तर पिल्लाला सरकता येईल. तासाभरानं पाणी बदला. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पहाटे चांगली हुडहुडी भरते, तेव्हा रात्री दोनदा उठावंच लागतं. मे महिन्यात उलट. पारा ४५ च्या पुढं असतो, तेव्हा ओल्या गोणपाटाआड, वाऱ्याच्या जागी खोकं ठेवायचं. गोणपाट खिडकीला बांधा, पिल्लाच्या अंगावर नको.

मग झाकण बंद आणि शांतता. दर पंधरा मिनिटांनी उघडून पाहणं, पोरांना दाखवणं, फोटो काढणं, कुरवाळणं, यातलं काही नको. आपल्याला ती माया वाटते, पिल्लाला ती वाघाची झडप वाटते. माझ्या घरात आलेल्या पिल्लाला नाव ठेवायचं नाही असा नियम आहे. नातवंडं रुसतात, पण नाव ठेवलं की बोलावणं आलं, बोलावलं की ओळख झाली, आणि ओळख झालेलं जनावर रानात टिकत नाही.

दूध नको

पहिल्या दोन वर्षांत माझ्या हातून सशाचं एक पिल्लू गेलं. मी गाईचं दूध कोमट करून बोळ्यानं पाजलं होतं. चटचट प्यालं, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी हगवण, तिसऱ्या दिवशी संपलं. सशीणीचं दूध अगदी घट्ट, चरबीचं असतं, गाईचं त्याच्यापुढं पाणी. शिवाय त्यातली साखर रानातल्या पुष्कळ पिल्लांना पचत नाही. कधी दूध श्वासनळीत जातं आणि फुप्फुस भरतं.

गार पडलेल्या पिल्लाला तर काहीच पाजायचं नाही, कारण थंड अंगात पोट काम करत नाही. आधी ऊब, मग डॉक्टरांना फोन, आणि ते सांगतील तेवढंच, तेच. सांगितलंच तर बिनसुईच्या एक मिलीच्या सिरिंजनं, पिल्लू पोटावर ठेवून, ओठांच्या कडेला थेंब-थेंब. माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतायचं नाही. त्याची श्वासनळी जिभेच्या मागंच उघडते, दोन थेंब चुकीच्या जागी गेले की पक्षी बुडतो. काही तास उपाशी राहून पिल्लू सहसा मरत नाही. चुकीचं खाऊन मरतं.

फोन कोणाला आणि काय सांगायचं

वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आमच्या गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलेला आहे. त्याखाली आमच्या बीटच्या वनरक्षकाचा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाचा. तुम्ही तुमच्याकडचे आजच लिहून घ्या, गरज पडते तेव्हा फोनची बॅटरी संपलेली असते. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी आणि पोरक्या प्राण्यांवर तिथं उपचार होतात. बिबट, वाघ, अस्वल अशा मोठ्या जनावरांसाठी गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे. आमच्याकडून उमरेडमार्गे नागपूर गाठायला दीड-दोन तास लागतात. तेव्हा परस्पर गाडीत घालून निघू नका. कोण येतंय, कुठं भेटायचं, हे फोनवर ठरलं की वाटेतच हातात देता येतं आणि कोणी हटकलं तर उत्तरही असतं.

फोनवर चार गोष्टी नेमक्या सांगा. कुठं सापडलं: गट नंबर, जवळचं झाड, विहिरीपासून किती पावलं. केव्हा. कशा अवस्थेत. आणि तुम्ही आत्तापर्यंत काय केलं, काही पाजलं असेल तर तेही, लपवू नका. जागेची खूण सगळ्यात महत्त्वाची. पिल्लू परत सोडायची वेळ आली तर तीच जागा लागते. मी तिथं लाल चिंधी बांधलेली काडी रोवते.

कुत्र्या-मांजराचा दात लागलेलं पिल्लू वरून ठीक दिसलं तरी थांबवून ठेवू नका. मांजराच्या दाताचं भोक सुईएवढं असतं, आत पू होतो आणि एका दिवसात जीव जातो. जखमेवर माश्यांची पांढरी अंडी दिसली तरी तीच घाई.

रानमांजराची रात्र

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात शेजारचा पोरगा धावत आला. "काकू, तुमच्या तुरीत वाघाचे पिल्लं हायेत, तीन!" मी त्याला आधी धुऱ्याबाहेर काढलं, बायांना बैलबंडीकडं जायला सांगितलं आणि मग फोन केला. ओळख पटण्याआधी ते वाघ-बिबट्याचंच समजायचं, कारण तसं असलं तर आई जवळ असते आणि चूक सुधारायला दुसरी संधी नसते.

वनरक्षक आले, लांबून पाहिलं. अंगावर बिबट्यासारखे ठिपके नव्हते, फिकट पट्टे होते. कान उंच, टोकाला काळे केस, शेपूट आखूड. रानमांजर. पण घोळ आधीच झाला होता. त्या पोराच्या मित्रानं एक पिल्लू उचलून घरी नेलं होतं. ते परत आणलं. वनरक्षक म्हणाले, "काकू, दिवस बुडेपर्यंत इकडं कोणी यायचं नाही. कुत्रं बांधा. बाकी तिची ती पाहून घेईल."

तिन्ही पिल्लं त्याच जागी प्लॅस्टिकच्या उथळ कॅरेटमध्ये ठेवली. कॅरेट असं हवं की पिल्लू बाहेर चढू शकणार नाही, आई सहज तोंड घालू शकेल. समोर बाभळीला कॅमेरा बांधला. आम्ही घरात, दिवा मंद, कुत्रं साखळीला. त्या रात्री कोणाला जेवण गेलं नाही. सासूबाई ओट्यावर बसून तुरीकडं पाहत होत्या, जणू त्यांचीच लेक माहेरी यायची होती.

पहाटे कॅरेट रिकामं होतं. कॅमेऱ्यात दिसलं, ती पावणेनऊला आली, कॅरेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, एक नेलं. वीस मिनिटांनी दुसरं. तिसऱ्याला, जे माणसाच्या घरात जाऊन आलं होतं, तिनं बराच वेळ हुंगलं आणि चाटलं. मी श्वास रोखून तो व्हिडिओ पाहत होते. साडेअकराला तेही तिच्या तोंडात लटकत निघून गेलं.

असं परत ठेवणं वन विभागाच्या माणसाशिवाय करू नका. पहिल्या रात्री आई आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायचं की केंद्रात न्यायचं, हा निर्णय त्यांचा.

तोड्याच्या दिवसात आमचं वेळापत्रक

साडेपाचला उठणं. घरात पिल्लू असेल तर अंधारातच बाटली बदलणं, दिवा न लावता. सहाला कुत्रं बांधणं, ते दिवसभर बांधलेलंच. साडेसहाला वाळवणीवरची ताडपत्री काढणं, पण झटकन ओढायची नाही. दवाच्या रात्री तिच्या घड्यांत साप, बेडूक, काहीही ऊब घ्यायला येतं. एक टोक काठीनं उचलायचं, थांबायचं, मग गुंडाळायचं.

सातला हातात काठी घेऊन आज ज्या ओळी तोडायच्या आहेत त्यातून एक फेरी. हे काम मी कोणावर सोपवत नाही. नजर मिरचीवर नसते, बुडाशी असते. काही दिसलं की काडी-चिंधी. नऊ-दहाला बाया येतात, त्यांना चिंधीच्या ओळी सांगायच्या. मजुरी किलोवर असते, त्यामुळे ओळी सोडल्या तर त्यांचं नुकसान. त्या दिवशीची तेवढी भर मी माझ्याकडून घालते. याशिवाय कोणी मनापासून साथ देत नाही आणि का द्यावी?

दुपारी लाल मिरची पातळ थरात पसरून उलथणं. हलवली की आत बी खुळखुळलं म्हणजे वाळली. पक्का लाल झालेला माल सातऱ्यावर जातो, तिथं बाया देठ खुडतात, मग भिवापूरच्या नाहीतर नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात. संध्याकाळी पाचनंतर वावर मोकळं. पाच ते आठ आम्ही तिकडं जात नाही. ही वेळ आयांची आहे.

पिल्लू पोरकं होऊच नये म्हणून

मशागतीच्या वेळी ट्रॅक्टरपुढं माणूस चालवा. टिटवी उघड्या ढेकळांत तीन-चार अंडी घालते, मातीच्याच रंगाची. ती किती अंडी घालते, कुठं घालते यावरून पाऊस सांगणारे म्हातारे अजून आमच्या गावात आहेत. तेवढ्यापुरतं का होईना, घरटं कोणी मोडत नाही. चार काड्या रोवा, ट्रॅक्टर वळसा घालून जातो. दोन मिनिटांचं काम.

विहिरीला कठडा बांधा. पैसे नसतील तर निदान एक जाड बल्ली आडव्या पट्ट्या ठोकून तिरपी आत सोडून ठेवा. आमच्या विहिरीत पडलेली मुंगसाची दोन पिल्लं त्यावरूनच वर आली.

कुंपणात थेट लाइनचा करंट सोडू नका. तो गुन्हा आहे, त्यानं वाघ मेलेत, शेतकरीही मेलेत. डुकरासाठी सोडलेल्या तारेवर पाजणारी आई मेली की तिची पिल्लं कोणाला सापडतही नाहीत. सौर कुंपणाचा झटका थांबून-थांबून बसतो, तो घालवतो, मारत नाही. बिळात मिरचीचा धूर सोडून साळींदर-रानमांजर बाहेर काढणारेही आहेत. आपल्या मिरचीचा हा उपयोग होऊ देऊ नका.

चुरडा-मुरडा (पानं आकसण्याचा रोग) येतो म्हणून आपण फवारतो, ते सुटत नाही. पण सुरुवात पाच टक्के निंबोळी अर्कानं आणि चिकट सापळ्यांनी करा, पिवळे पांढऱ्या माशीला, निळे फुलकिड्यांना. सापळ्यांना शिंपी पक्षी किंवा सूर्यपक्षी चिकटतो, म्हणून पिकाच्या उंचीलाच लावा आणि जाळीच्या तारेचं वेष्टण घाला. चिकटलाच तर ओढू नका. मोकळ्या चिकट भागावर पीठ भुरभुरा, सापळ्यासकट कापडात गुंडाळा आणि केंद्रात द्या. थायमेट, म्हणजेच फोरेट, कुणाच्या कोठीत उरलेलं असेल तर वापरू नका. फोरेटवर २०२० च्या अखेरीस बंदी आली आहे, आणि दाण्याला लावलेलं ते औषध टिपून मोर मरतात.

संक्रांतीच्या आठवड्यात कटलेले पतंग आमच्यापर्यंत येतात. नायलॉन मांजा दिसेल तिथं गोळा करून बारीक कापून टाका. पंखात अडकला असेल तर मांजा कापा, पंख ओढू नका.

आपली काळजी

वानर, रानमांजर, मुंगूस, कोल्हा, कोणाचाही दात किंवा नख लागलं, तर वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस घ्या. पिल्लू लहान होतं, ओरखडा बारीक होता, हळद लावली, असं म्हणून थांबू नका. वावरात साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

पिल्लू वन विभागाच्या हाती दिलं की वहीत तारीख, जागा, नेणाऱ्याचं नाव लिहून घ्या. आठवड्यानं फोन करून विचारा. कधी चांगली बातमी असते, कधी नसते, तरी विचारा. खोक्यातली कापडं उकळत्या पाण्यात टाका, पुठ्ठ्याचं खोकं जाळा आणि नवं खोकं त्याच संध्याकाळी भोकं पाडून फळीवर ठेवा. हातमोजे उन्हात वाळवताना मिरचीच्या वाळवणीपासून लांब ठेवा.